वेअर सार

कोणी ‘इफ आय वॉज’ म्हटलं की वाठोरे सार अंगावर पाल पडल्यागत दचकायचे. मग तो कोणीही असो. वर्गातलं पोट्टं असो, हेडमास्तर असो, नाहीतर बेल्याच्या स्टँडवर मोबाइलवर इंग्रजी गाणं मोठ्यानं लावून बसलेला कॉलेजकुमार असो. त्या गाण्यात ते वाक्य आलं आणि सार चहाचा कप खाली ठेवून त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. अतिशय दुःखी आवाजात म्हणाले, “वेअर, बाबा. वेअर.” त्या पोराला वाटलं, म्हातारा पत्ता विचारून राहिला. तो सरकून बसला आणि म्हणाला, “काका, कुठं जायचं हाय तुमाले? आदिलाबादची गाडी गेली आताच.”

म्हणून ते वेअर सार. नाव पोरांनी ठेवलं आणि गावानं पक्कं केलं. एकदा एक साहेब तपासणीला आले. व्हरांड्यात थांबून त्यांनी पोरांना विचारलं, “इंग्लिश टीचर, वेअर?” पोरं खूश. आपल्या सारांचं नाव पार वरपर्यंत पोचलं म्हणजे. चौघांनी चार बाजूंनी ओढत सारांना साहेबांपुढं आणून उभं केलं. “हे पाहा सार, हेच वेअर सार.” साहेब काय समजले देव जाणे, पण त्यांनी हात मिळवला.

मी चिंतावार. गणिताची बाई. नावातच चिंता आहे, त्यामुळं कोणी वेगळी टोपणनावं ठेवायच्या भानगडीत पडत नाही. वाठोरे सारांबरोबर मी एकाच स्टाफरूममध्ये नऊ वर्षं बसले, आणि त्यातली निदान सात वर्षं त्यांच्यावर चिडलेली होते. आमची शाळा आदिलाबाद जिल्ह्यात, बेल्यापासून सात किलोमीटरवर, दोन्ही बाजूंना कापूस. एकाच आवारात दोन माध्यमं. पुढच्या मोठ्या इमारतीत तेलुगु, आणि मागच्या तीन खोल्यांत आमची मराठी शाखा, सहावी ते आठवी. आमची पोरं वर्षागणिक कमी होत चालली होती. वीसच्या खाली गेलो की शाखा जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नव्हतं. सार तेवढे रोज सकाळी हजेरी झाली की तिन्ही वर्गांची बेरीज करायचे. बेरीज माझा विषय, पण मला ती करायची भीती वाटायची.

दिसायला म्हणाल तर सार लहानखुरे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, एक निळं, एक लाल. निळं पेन वर्षभर पुरायचं. लाल दर पंधरा दिवसांनी नवीन. पेपर वाचतानाही लाल पेन हातात, चहाच्या हॉटेलात पदार्थांची पाटी वाचतानाही लाल पेन हातात. हॉटेलवाल्यानं शेवटी इंग्रजी पाटी काढून टाकली आणि तोंडी सांगायला लागला.

त्यांचं चरित्र सांगत बसायचा माझा इरादा नाही. वडील मुधोळकडं दुसऱ्याच्या शेतात सालदार होते, आणि पहिलं इंग्रजी सारांनी मालकाच्या रेडिओवर, गोठ्याच्या भिंतीआडून ऐकलं, एवढं मला ठाऊक आहे. तेही मी खोदून खोदून विचारलं म्हणून. पुढं विचारायला गेले तर म्हणाले, “जाऊ द्या मॅडम. झालं ते झालं. ते सगळं वॉज हाय. वॉजमंदी ग्रामर सोपं असते.”

त्यांचा जीव होता सबजंक्टिव्हवर, म्हणजे इंग्रजी क्रियापदाच्या इच्छार्थी रूपावर. हा शब्द ते असा उच्चारायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, एखादा गोड पदार्थ आहे. पण वर्गात तो शब्द ते पहिले पंधरा दिवस काढायचेच नाहीत. फळ्यावर दोन मराठी वाक्यं लिहायचे. एक, देव भलं करतो. दुसरं, देव भलं करो.

“सांगा, काय फरक हाय?”

पोरं फळ्याकडं पाहायची.

“‘करतो’ म्हंजे बातमी. पेपरात छापा. ‘करो’ म्हंजे अजून केलंच नाई. आपन मागून राह्यलो. जगात दोनच वाक्यं हायेत पोट्टेहो, एक बातमीचं, एक मागण्याचं. इंग्रजीत पन तसंच. गॉड ब्लेसेस यू, बातमी. गॉड ब्लेस यू, मागणं. मागताना एस लावायचा नाई.”

“एस काऊन नाई लावायचा सार?”

“मागनाऱ्याचा हात रिकामा असते, म्हणून.”

हे ऐकलेलं पोरगं जन्मात ते विसरत नसे. मग दुसऱ्या दिवशी ‘असतो तर’. हा त्यांचा सगळ्यात लाडका तास. एखाद्या पोराला उभं करायचे. “म्हण, मी पक्षी असतो तर. हायेस का तू पक्षी?” “नाई सार.” “काल व्हतास?” “नाई सार.” “मंग वॉज कुठून आला? वॉज तर कालचा. जे हाय ते इज, जे व्हतं ते वॉज, आन् जे नाईच ते वेअर.” आठवीची पोरं हे पाढ्यासारखं म्हणायची, आणि सहावी-सातवीची भिंतीआडून ऐकून पाठ करायची. शेजारच्या वर्गात माझी भूमिती चालू असायची आणि भिंतीपलीकडून ‘जे नाईच ते वेअर’ असा घोष यायचा. माझा त्रिकोण हमखास वाकडा.

एकदा मी तणतणत त्यांच्या वर्गात गेले. म्हटलं, “सार, कोण बोलतं हो असं? शिकलेले लोक सर्रास वॉज म्हणतात आता. आपल्या पोरांना बेरीज येत नाही नीट आणि तुम्ही जे नाही त्याचं व्याकरण शिकवता.” सारांनी खडू खाली ठेवला. माझ्यामागून माझ्या वर्गात आले. फळ्यावर मी लिहिलं होतं, क्ष = ५ मानू.

“मॅडम, हे इंग्रजीत कसं म्हंता?”

“लेट एक्स बी फाइव्ह.”

“एक्स इज फाइव्ह काऊन नाई म्हंत?”

मी फळ्याकडं वळले.

“कारण एक्सला अजून कोनी पाह्यलंच नाई. तुमी नुसतं मानून राह्यल्या. पुस्तकात याला दुसरं नाव देतेत, पन घराणं एकच. तुमी रोज हेच शिकवता मॅडम, आन् तेबी मोठ्यानं.”

मी डस्टर आपटला. खडूची भुकटी त्यांच्या पांढऱ्या शर्टावर उडाली आणि ते खूश होऊन परत गेले.

त्यांच्या घरी मात्र वेगळं राज्य होतं. सुमनताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, एका वाक्यात त्यांना गार करायच्या. एक दिवस सार स्टाफरूममध्ये अगदी आनंदात आले. म्हणाले, “आज सुमन मले म्हने, इफ आय वेअर तुमच्या जागी, तर आधी गहू दळून आनला असता.” आम्ही हसलो. सार म्हणाले, “हसू नका. अर्धं इंग्रजी, अर्धं आपलं, पन मूड एकदम परफेक्ट.” गहू दळला का, हे विचारल्यावर मात्र त्यांनी पेपर उघडला.

सचिनच्या फ्लेक्सची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. सचिन सारांचा जुना विद्यार्थी, बेल्यात त्याचं फ्लेक्सचं दुकान. एका लग्नात आम्ही सगळे गेलो. स्टेजच्या मागं भला मोठा फ्लेक्स, आणि त्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत, गॉड ब्लेसेस न्यू कपल. सार जेवायच्या रांगेत होते. ताट तसंच माझ्या हातात दिलं आणि निघाले. पाच मिनिटांनी पाहते तर सार स्टेजवर, खुर्चीवर चढलेले. नवरीच्या मावशीकडून त्यांनी दोन मोठ्या मरून टिकल्या मागून घेतल्या होत्या, आणि ब्लेसेसमधल्या शेवटच्या दोन अक्षरांवर एकेक टिकली चिकटवत होते. फोटोवाल्याला वाटलं हा काही विधी आहे. त्यानं रीतसर फोटो काढले. त्या अल्बममध्ये नवरा-नवरीच्या डोक्यावर सार अजून खुर्चीवर उभे आहेत.

खाली उतरल्यावर त्यांनी सचिनला धरलं. सचिन काही ऐकून घेणारा नव्हता. “सार, तुमीच तर सांगतलं, ही शी इट आलं की एस लावायचा. गॉड ही हाय का नाई?”

सारांचा चेहरा पडला. त्यांनी विचारलं, “तू कितवीत शाळा सोडली रे?”

“सातवी झाल्यावर.”

“मंग चूक माझी. सातवीत मी एस लावायला शिकवला. आठवीत काढायला शिकवतो. तवा तू नव्हतास.” आणि त्या दिवशी रात्रीचं जेवण न करता, तिथंच मांडवात बसून त्यांनी सचिनला आठवीचा तो धडा शिकवला. सचिनच्या दुकानातून पुन्हा तशी चूक बाहेर पडली नाही. उलट तो आता गिऱ्हाइकांशी त्यावरून भांडतो.

आमचे हेडमास्तर मंचेरियलकडचे, तेलुगु बोलणारे. माणूस भला, पण दुसऱ्याच्या अर्जात एखादी चूक सापडली की त्यांना डबा गोड लागायचा. सारांनी एकदा दोन दिवसांच्या सुट्टीचा अर्ज दिला. ‘आय रिक्वेस्ट दॅट आय बी ग्रँटेड लीव्ह.’ हेडमास्तरांनी ‘बी’वर काट मारली, वर ‘ॲम’ लिहिलं, खाली आपली सही केली आणि अर्ज परत पाठवला, सुधारून आणा म्हणून. सारांनी तो वाचला. आय ॲम ग्रँटेड लीव्ह. चष्मा खिशात ठेवला, पिशवी उचलली आणि चालायला लागले.

“वाठोरे गारू, किधर?” हेडमास्तर ऑफिसातून बाहेर आले. गारू म्हणजे तेलुगुतलं ‘राव’.

“किनवटला. साडूकडं लग्न हाय.”

“मैं छुट्टी सँक्शन नहीं किया जी.”

“केली सार. मी ‘बी’ लिहून मागितली व्हती. तुमी ते खोडून ‘ॲम’ लिहिलं. म्हंजे मिळाली, अशी बातमी तुमीच देली. खाली सही पन तुमची.”

सारांनी अर्ज त्यांच्या हातात दिला आणि निघाले. हेडमास्तर तो कागद धरून उभे राहिले. उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. तोवर सारांना घेऊन बस फाट्यावरून निघून गेली होती.

ही गोष्ट आम्ही दोन वर्षं हसत हसत सांगत होतो. मग त्या जुलैत आमची संख्या सतरा झाली.

झालं असं की गावात खासगी इंग्रजी शाळेची पिवळी व्हॅन यायला लागली. व्हॅन रोज बंद पडायची, पण पिवळी होती आणि तिच्यावर इंग्रजीत लिहिलेलं होतं. आमची चार पोरं तिच्यात बसून गेली. आणि एका सकाळी हेडमास्तर वरच्या ऑफिसचं पत्र घेऊन मागच्या खोल्यांकडं आले. “मराठी सेक्शन क्लोज, मॅडम. तेलुगुमें मर्ज कर दिये. ऑर्डर आया.”

त्यांनी अटेंडर गंगारामला सांगितलं आणि त्यानं शिडी लावून ‘मराठी माध्यम’ लिहिलेली पत्र्याची पाटी काढली. खिळा निघताना कुईकुई आवाज झाला. सातवीतली पल्लवी, भाजीवाल्याची पोरगी, माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “मॅडम, भूमिती पन तेलुगुत राहते का?” मी तिला म्हटलं, वर्गात बस. मग मी खडूच्या खोलीत गेले, दार लावलं आणि रडले. खोटं कशाला सांगू. ती सतरा पोरं घरी मराठी बोलणारी, तेलुगु अक्षर ओळखीचं फक्त बसच्या पाटीवर. त्यातली निम्मी शाळा सोडणार हे मला गणितासारखं स्पष्ट दिसत होतं.

बाहेर आले तेव्हा सार हेडमास्तरांसमोर उभे होते, हातात पत्र. त्यांनी ते एकदा वाचलं. चष्मा पुसून परत वाचलं. मग एका शब्दावर बोट ठेवलं आणि ते बोट उचललंच नाही.

“सार, हे काय लिहेल हाय?”

“बी.”

“इट इज प्रपोज्ड दॅट द सेक्शन बी मर्ज्ड. इज मर्ज्ड नाई ना?”

“दोनो एकच है जी.”

“एक नाई सार.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “शाखा बंद केली असं नाई हे. बंद करावी, असं हाय. कोनीतरी मागून राह्यलं. देलं कोनी अजून? माझ्या अर्जात पन तुमी असंच केलं व्हतं. तवा मी फुकटात लग्नाला गेलो. आता सतरा लेकरं जातील.”

मग सारांनी जे केलं ते इतकं साधं होतं की मला अजून लाज वाटते. त्यांनी पान उलटलं. मागं आणखी चार ओळी होत्या. महिनाअखेरपर्यंत शाळेनं आपलं म्हणणं आणि पटसंख्या कळवावी, असं. बंद, हा शब्द ऐकून आम्ही कोणी मागचं पान पाहिलंच नव्हतं.

हेडमास्तरांनी तिथूनच वरच्या ऑफिसात फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा क्लार्क आरामात होता. “हां सार, सिर्फ प्रपोजल है. बीस बच्चे बताओ, रिमार्क भेजो, रोक देते.” हेडमास्तरांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, “गंगाराम, बोर्ड लगाओ.” गंगारामनं पाटी परत लावली, पण एक खिळा हरवला होता, म्हणून ती तेव्हापासून तिरपी आहे.

महिना संपायला अकरा दिवस होते आणि तीन पोरं कमी होती. संध्याकाळी शाळा सुटली की माझ्या स्कूटीवर मी पुढं, सार मागं, आणि त्यांच्या हातात उघडी छत्री. वारा आला की स्कूटी एकीकडं, छत्री दुसरीकडं. लोक दारात येऊन बघायचे. घरोघर एकच उत्तर, “सार, तुमी चांगले हाव. पन पोराले इंग्रजी पायजे ना.” पाच दिवस हेच ऐकलं. मी म्हटलं, आता पुरे, हात जोडू आणि घरी जाऊ. सार म्हणाले, “इंग्रजीच पायजे ना? मंग इंग्रजीच देऊ.”

शनिवारी संध्याकाळी त्यांनी गावाला लिंबाच्या पारावर बोलावलं. एका बाजूला व्हॅनमधली पोरं, टाय लावून. दुसऱ्या बाजूला आमची सतरा. समोर आईबाप, आणि मागं ती पिवळी व्हॅन, बॉनेट उघडं, ड्रायव्हर आत डोकं घालून. सारांनी टायवाल्या पोरांना विचारलं, “गाळलेली जागा भरा. इफ आय टिंबटिंब अ बर्ड.”

“वॉज,” पोरं एका सुरात म्हणाली. इतक्या गोड उच्चारात की मला वाटलं, वॉजच बरोबर असेल. आईबापांनी माना डोलावल्या.

सार दचकले, पण सावरले. “पल्लवी, तू सांग.”

“वेअर,” पल्लवी म्हणाली.

“काऊन?”

“मी पक्षी असती तर. मी पक्षी नाई. कालबी नव्हती. जे नाईच ते वेअर.”

गाव बुचकळ्यात. मास्तर पोरीला तिचं स्वतःचं नसलेपण शिकवतो, एवढंच त्यांना समजलं असावं. कोणीतरी खोकलं. सार घाईनं म्हणाले, “आता तुझ्या मनानं एक वाक्य बनव. मोठ्यानं.”

पल्लवीनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग तिची नजर मागं गेली.

“इफ आय वेअर द व्हॅन,” ती म्हणाली, “आय वुड स्टार्ट.”

सारांनी सगळ्यांसाठी मराठी केलं. “मी व्हॅन असती, तर सुरू झाली असती.”

मग पहिला हसला तो बॉनेटमधला ड्रायव्हर, आणि डोकं वर काढताना त्याचं टाळकं आपटलं. त्यावर अख्खा पार हसला. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. टायवाली पोरंसुद्धा हसली, कारण सगळ्यात जास्त तीच त्या व्हॅनला ढकलायची. सार तर पाराच्या कडेवर बसून डोळे पुसत होते. गर्दीतून एक बाप म्हणाला, “पोट्टी इंग्रजीतून गावाले हासवून राह्यली. मंग शिकवतेत तं खरं.” सोमवारी सकाळी चार पोरं टाय सोडून आमच्याकडं परत आली. हजेरी झाल्यावर सारांनी नेहमीची बेरीज केली. एकवीस. मग ती त्यांनी परत केली, आणि मला करायला लावली.

पुढं साहेब आले, पोरं मोजली, गेले. आणि उत्तर आलं. हेडमास्तरांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, यावेळी दोन्ही पानं. ‘दॅट द सेक्शन बी कंटिन्यूड अंटिल फर्दर ऑर्डर्स.’ वाचता वाचता ते थांबले. “वाठोरे गारू, बी है इधर.”

“हाव सार. म्हंजे पुढल्या जूनला परत मागावं लागन.”

“कितने साल?”

“इज होईस्तोवर.”

त्याच वर्षी नोव्हेंबरअखेर सार रिटायर झाले. निरोपाचा कार्यक्रम आवारात झाला, दोन्ही माध्यमांची पोरं खाली बसलेली. हेडमास्तर भाषणाला उभे राहिले. दोन दिवस ते आपल्या खोलीत काहीतरी पुटपुटत होते, ते भाषणच होतं. शेवटी ते म्हणाले, “आय विश वाठोरे गारू वॉज हिअर नेक्स्ट इयर.”

आमची एकवीसच्या एकवीस पोरं उभी राहिली. “वेअर!”

तेलुगुवाली पोरंही ओरडली, का ते त्यांना माहीत नसताना. कावळे उडाले. हेडमास्तर चुकले की मुद्दाम चुकले, हे मी त्यांना कितीदा विचारलं, पण ते नुसते हसतात. मी मात्र सारांकडं पाहत होते. नऊ वर्षांत पहिल्यांदा ‘वॉज’ ऐकून ते दचकले नाहीत. शालीच्या टोकानं चष्मा पुसत बसले होते, आणि चष्मा कधीच पुसून झाला होता.

नंतर त्यांनी मला कार्यमुक्तीचा कागद दाखवला. “हे पाहा मॅडम. इज रिलीव्ह्ड. बी नाई कुठं. इथं कोनी काहीच मागितलं नाई. सरळ बातमी.” ते हसत म्हणाले, पण ‘बातमी’ म्हणताना लाल पेन उगाच खिशातून काढून परत ठेवलं. मला त्या कागदाचा राग आला, एवढं खरं.

गंगारामनं मोटारसायकल काढली. सार मागं बसले, गळ्यात झेंडूचा हार, मांडीवर नारळ, खिशात दोन पेनं. पोरं फाटकापर्यंत आली. सारांनी तिरप्या पाटीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

“मॅडम, जूनमंदी विसरायचं नाई. लेट एक्स बी वीस. तिथून सुरुवात करायची. मानायचं आन् निघायचं.”

मी मान हलवली. माझ्या कोपराजवळून पल्लवीचा आवाज आला.

“बी काऊन सार?”

“काय?”

“बी काऊन म्हंता? आमी एकवीस हावो ना. मोजा. जे हाय ते इज.”

सारांनी खरंच मोजलं, बोटानं, एकेका डोक्यावर, आठवीपासून सहावीपर्यंत. पोरं मोजून घ्यायला ताठ उभी राहिली. मोजून झाल्यावर ते माझ्याकडं वळले आणि म्हणाले, “चुकलो मॅडम. एक्स इज एकवीस.”

गंगारामनं किक मारली. मोटारसायकल कापसाच्या मधून बेल्याकडं निघाली. सार हसत होते, हे आम्हाला पाठमोरं कळत होतं, कारण खांदे हलत होते आणि हारातली फुलं एकेक रस्त्यावर पडत होती. वळणापर्यंत ते दिसले. मग पोरं वर्गात गेली आणि मी हजेरी काढून तिन्ही वर्गांची बेरीज करायला बसले.